कंसात लिहिलेल्या जमेच्या बाजू

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते एकतीस वर्षांचे असून बार्शी तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील आहेत. पदवीनंतर सहा वर्षे पुण्यात राहून त्यांनी राज्यसेवेचा अभ्यास केला, दोनदा मुख्य परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि गेल्या वर्षी गावी परतले. अलीकडे सोलापुरात एका खासगी वित्तसंस्थेच्या मुलाखतीत "तुमच्या जमेच्या बाजू सांगा" असे विचारले गेले, तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि शेवटी "मी मेहनती आहे" एवढेच म्हणाले. ते विचारतात : "आत्मविश्वासच उरला नसेल, तर स्वतःतले चांगले काय ते ओळखायचे कसे? आधी आत्मविश्वास वाढवायला हवा का? खरे सांगायचे तर माझ्यात सांगण्यासारखे काही आहे, असे मला वाटत नाही."

उत्तर :

आपले पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी मी त्यातली फक्त कंसातली वाक्ये वाचली. समुपदेशनाच्या कामात लागलेली ही माझी जुनी सवय आहे. स्वतःविषयी वाईट मत असलेला माणूस स्वतःविषयीची चांगली माहिती बहुधा कंसात, तळटीपेत किंवा निघता निघता दारात उभे राहून सांगतो. आपल्या पत्रात असे चार कंस आहेत. "(मेसचा हिशेब माझ्याकडेच असायचा, त्यात बराच वेळ जायचा.)" "(लॉकडाऊनमध्ये आमच्या आणि शेजारच्या रूमवरच्या अकरा जणांचे ई-पास काढून देण्यात पंधरा-वीस दिवस वाया गेले.)" "(राज्यघटनेच्या माझ्या नोट्स सदाशिव पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात अजूनही मिळतात, पण त्याचा मला काय उपयोग.)" आणि "(सध्या गावात लोकांची ई-पीक पाहणी करून देतो, रिकामाच आहे म्हणून.)" ई-पीक पाहणी म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी मोबाइल ॲपवर करायची नोंद. माझे सगळे उत्तर या चार कंसांभोवती फिरणार आहे. जे काही सांगण्यासारखे आहे ते आपण मला आधीच सांगून ठेवले आहे. फक्त ते खर्चाच्या रकान्यात मांडले आहे.

आधी आत्मविश्वास की आधी गुणांची ओळख, या आपल्या शंकेचे उत्तर सरळ आहे : आत्मविश्वासाची वाट पाहत थांबू नका. आत्मविश्वास हा विहिरीच्या पाण्यासारखा एकच साठा असतो, तो भरलेला तरी असतो किंवा आटलेला तरी, अशी आपली समजूत असते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली 'स्वक्षमतेवरील विश्वासा'ची कल्पना याहून वेगळी आहे आणि माझ्या अनुभवाशी ती जास्त जुळते. त्यांच्या मते हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. मुलाखतीच्या खोलीत ज्याच्या हाताला घाम सुटतो, तोच माणूस उसाने भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर अरुंद बांधावरून मागे घेताना शेजाऱ्याशी गप्पा मारत असतो. ट्रॉली उजवीकडे वळवायची असेल तर सुरुवातीला स्टीअरिंग डावीकडे फिरवावे लागते, हे शहरातल्या माणसाला सांगितले तरी पहिल्या दिवशी जमत नाही. पण गावात ते चारचौघांना येते, म्हणून आपण ते मोजत नाही.

हा विश्वास कशातून तयार होतो, याचे चार स्रोत बांडुरांनी सांगितले : स्वतः एखादे काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते पार पाडताना पाहणे, कोणीतरी दिलेला धीर, आणि त्या वेळची आपल्या शरीराची व मनाची अवस्था. यांत सर्वांत भक्कम पहिला. आपल्याकडे मात्र सगळा भर तिसऱ्यावर असतो. प्रेरणादायी भाषणे, सकाळी येणारे संदेश आणि "तू करू शकतोस" असे म्हणत पाठीवर पडणारी थाप यांचा परिणाम संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ. पहिला स्रोत, म्हणजे प्रत्यक्ष केलेले काम, आपल्यापाशी आहे. पण तो कामी येण्यासाठी आपण ते काम केले, याची नोंद मनाने घेतलेली असावी लागते. तिथेच अडते आहे.

ही नोंद का होत नाही? याची कारणे समजून घेणे गरजेचे आहे, कारण ती समजली नाहीत तर पुढे मी जे करायला सांगणार आहे ते आपल्याला स्वतःची खोटी समजूत काढल्यासारखे वाटेल. पहिले कारण असे की, मनाला एकदा "मी अपयशी आहे" हा निकाल मान्य झाला, की ते पुरावेही त्याच बाजूचे गोळा करते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांच्या विचारांचा अभ्यास करताना ही निवड बारकाईने टिपली. प्रतिकूल तपशील उचलला जातो, अनुकूल तपशील एक तर दिसत नाही किंवा दिसला तरी "त्यात काय विशेष" म्हणून बाद होतो. आपल्या पत्रातले "वाया गेले", "काय उपयोग" आणि "रिकामाच आहे म्हणून" हे तीन शेरे म्हणजे बाद केल्याचे शिक्केच आहेत. नैराश्य नसलेल्या माणसातही हे घडते, फक्त त्याचे प्रमाण कमी असते.

दुसरे कारण परीक्षेचे आहे. सहा वर्षे आपण अशा जगात राहिलात, जिथे माणसाची किंमत गुणवत्ता यादीत नाव आहे की नाही यावर ठरते. काही लाख अर्ज आणि काहीशे जागा असतील, तेव्हा तयारी चांगली असलेली कितीतरी माणसे यादीबाहेर राहणे हे त्या गणितातच आलेले असते. हे आपल्याला माहीत आहे. आपण ते कनिष्ठांना समजावलेही असेल. तरीही स्वतःच्या बाबतीत "यादीत नाही, म्हणजे माझ्यात काही नाही" हा निष्कर्ष आपण काढलात. परीक्षा काही ठरावीक गोष्टी मोजते आणि बाकीच्या मोजत नाही. अकरा जणांना घरी पोहोचवल्याचे गुण कोणत्याही पेपरात नसतात.

तिसरे कारण आपल्या घरांमधले आहे आणि ते मला सर्वांत चिवट वाटते. स्वतःची टिमकी वाजवू नये, हुरळून जाऊ नये, चारचौघांत कौतुक झाले तर दृष्ट लागते, हे आपण ऐकत वाढतो. पंच्याण्णव गुणांची गुणपत्रिका दाखवली की "पाच कुठे गेले?" हा प्रश्न येतो, आणि तो विचारणारे वडील मुलावर जीव टाकणारे असतात. नम्रता हा गुण आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु स्वतःबद्दलची खरी माहिती जवळ असणे आणि ती मिरवणे यांत अंतर आहे. मेसच्या वहीत जमा लिहिणे म्हणजे बढाई मारणे, असे आपल्याला कधी वाटले नसणार.

आता त्या कंसांकडे वळू. चारांपैकी एकच सावकाश उलगडतो, म्हणजे बाकीचे तीन आपले आपल्याला उलगडता येतील. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपण पुण्यात होतात. मेस बंद झाली, अभ्यासिका बंद झाल्या, आणि जिल्ह्याबाहेर जायचे तर परवाना लागू लागला. आपल्या पत्रात याविषयी एकच ओळ आहे, म्हणून मी आपल्याला फोनवर विचारले आणि आपण जे सांगितले ते असे. आपण आधी स्वतःचा अर्ज भरला आणि तो नामंजूर झाला. का झाला हे शोधताना लक्षात आले की, जोडलेल्या कागदाचा फोटो अस्पष्ट होता आणि कारणाच्या रकान्यात फक्त 'घरी जाणे' असे लिहिले होते. दुसऱ्यांदा नीट भरल्यावर तो मंजूर झाला. मग आपण खोलीतल्या मुलांचे आधारकार्ड, डॉक्टरांचा दाखला आणि गाडीचा क्रमांक एका कागदावर उतरवून घेतले, कोणाचा जिल्हा कोणत्या वाटेवर आहे ते पाहून तीन गाड्यांची विभागणी केली, भाड्याचे पैसे आगाऊ गोळा केले, आणि ज्या मुलाकडे पैसे नव्हते त्याचा वाटा इतरांत कसा वाटला हे कोणाला कळू दिले नाही. आपण स्वतः शेवटच्या गाडीने निघालात.

हे सांगताना आपण दोनदा "एवढे काही नाही सर" असे म्हणालात. आता यातली क्रियापदे पाहा : नकाराचे कारण शोधले, पद्धत बसवली, माहिती गोळा केली, विभागणी केली, पैशांचा हिशेब चोख ठेवला, एकाची अडचण झाकली, स्वतः शेवटी निघालात. सात क्रियापदांपैकी एकही 'मेहनत घेतली' असे नाही. मेहनत तर होतीच. परंतु केवळ मेहनती माणसाने तोच चुकीचा अर्ज दहा वेळा भरला असता. आपण नकार आल्यावर थांबून 'का' विचारलेत. नियम वाचून त्यातली वाट काढणे आणि ती इतरांना चालता येईल अशी सोपी करणे, हे जे आपण तिथे केलेत तेच राज्यघटनेच्या नोट्समध्ये केलेत आणि तेच आज गावात ई-पीक पाहणीच्या ॲपवर करत आहात. तीन वेगळ्या वर्षांत, तीन वेगळ्या ठिकाणी, कोणी न सांगता, एकच गोष्ट घडते आहे. माझ्या व्यवसायात मी बलस्थान म्हणतो ते यालाच. 'मी हुशार आहे' किंवा 'मी प्रामाणिक आहे' अशी विशेषणे माणसाच्या तोंडी मला फारशी उपयोगाची वाटत नाहीत. त्यांवर शंका घेणे सोपे असते, आणि आत्मविश्वास कमी असलेला माणूस ती शंका आधी स्वतःच घेतो. पुन्हा पुन्हा घडलेल्या कृतीवर शंका घेणे तितके सोपे नसते.

एक फरक इथे स्पष्ट करतो, कारण मुलाखतीत त्याची गल्लत होते. माहिती, कौशल्य आणि बलस्थान या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. राज्यघटनेतील कलमे पाठ असणे ही माहिती. ती वापरली नाही तर विसरेल. संगणकावर अर्ज भरता येणे हे कौशल्य. ते कोणालाही शिकता येईल. किचकट गोष्ट समोर आली की तिच्या मुळाशी जाऊन ती सोपी करून मांडण्याची ओढ असणे, आणि ते करताना वेळेचे भान न राहणे, हे बलस्थान. ते एका कामातून दुसऱ्या कामात आपल्याबरोबर येते. परीक्षा सुटली म्हणून ते सुटत नाही.

उरलेल्या कंसांसाठी एक वही करा. मोबाइलमध्ये नको, हाताने लिहिताना माणूस सावकाश आठवतो, एवढेच त्याचे कारण. दोन आठवडे रोज रात्री एक प्रसंग लिहायचा, जुना किंवा त्या दिवसाचा. प्रसंग काय होता, मी नेमके काय केले आणि त्यानंतर काय झाले, एवढेच. एकही विशेषण वापरायचे नाही, आणि 'आम्ही केले' असे लिहायचे नाही. ही दुसरी अट बहुतेकांना जड जाते. शाळेतील स्नेहसंमेलन पंधरा वर्षे एकहाती पार पाडणाऱ्या एका शिक्षिका माझ्याकडे येत असत. त्यांनी पहिल्या आठवड्यात प्रत्येक नोंद "आम्ही सर्वांनी मिळून" अशीच सुरू केली. त्यांना मी विचारले, की मंडपवाल्याला फोन कोणी केला, पावसाची शक्यता पाहून सभागृहाची किल्ली आदल्या दिवशी कोणी आणून ठेवली, आणि रुसलेल्या मुलीला रंगमंचावर कोणी नेले? तिन्ही उत्तरे एकच होती. पुढच्या आठवड्यातल्या नोंदींची भाषा बदलली.

प्रसंग मोठे असण्याची गरज नाही. उलट, फार मोठे प्रसंग दिशाभूल करतात, कारण त्यांत योगायोगाचा वाटा जास्त असतो. फसलेले प्रसंगही लिहा. मुख्य परीक्षेत आपण कमी पडलात तिथेही काहीतरी केले असेल. पहिल्या अपयशानंतर अभ्यासाची पद्धत बदलली असेल तर ती कृती नोंदवण्याजोगीच आहे, निकाल काहीही लागो. चौदा नोंदी झाल्या की लाल पेन घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा आणि कोणती पुन्हा पुन्हा येतात ते पाहा. त्यानंतर प्रत्येक नोंदीपुढे एक छोटी खूण करा : हे करून मी दमलो होतो की ताजा झालो होतो? जे आपण चांगले करतो परंतु ज्याने पार थकून जातो, तेही असते. मेसचा हिशेब आपण उत्तम ठेवलात. पण तो ठेवताना जीव रमत होता की केवळ जबाबदारी म्हणून रेटत होतात, हे मला माहीत नाही. आपल्याला माहीत असेल. वित्तसंस्थेत नोकरी धरण्याआधी या एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्यावे, असे मला वाटते.

वहीला एक मर्यादा आहे. लिहिणारा माणूस तोच असतो, ज्याची नजर आधीच एका बाजूला झुकलेली आहे. म्हणून दुसऱ्यांची साक्ष हवी. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी एक पद्धत विकसित केली आणि २००५ मध्ये ती लोकांसमोर मांडली. त्यात ओळखीच्या अनेक माणसांना, आपण आपल्या सर्वोत्तम रूपात केव्हा दिसलात याचे प्रत्यक्ष प्रसंग लिहून मागतात आणि मग त्यांतील सारखेपणा शोधतात. पद्धत चांगली आहे. पण आपल्याकडे ती जशीच्या तशी वापरायला गेलात तर पंचाईत होईल. बार्शीच्या मित्राला "माझे गुण सांग" असे विचारले तर तो आधी हसेल, मग "काय रे, निवडणुकीला उभा राहतोस का?" असे विचारेल. म्हणून प्रश्न उलटा विचारा. "माझ्यामुळे तुझे एखादे काम सोपे झाले, असे कधी झाले होते का?" किंवा "तुला कोणत्या कामासाठी माझी आठवण होते?" या प्रश्नांना माणसे संकोच न करता उत्तरे देतात, कारण त्यात स्तुती करावी लागत नाही, फक्त आठवावे लागते. पाच-सहा जण पुरेत आणि ते आयुष्याच्या वेगवेगळ्या कप्प्यांतले असावेत : एक खोलीतला मित्र, एक वयाने लहान विद्यार्थी, एक गावातला वडीलधारा, एक बहीण किंवा वहिनी, शक्य असल्यास एक असा माणूस ज्याच्याशी आपले एकदा वाजले होते. आईला विचारू नका असे मी म्हणणार नाही, पण ती साक्ष वेगळी ठेवा. जो नातेवाईक प्रत्येक समारंभात आपली तुलना मावसभावाशी करतो, त्याला मात्र या कामी अजिबात विचारू नका.

उत्तर आले की एकच पथ्य पाळायचे : "अरे, त्यात काय एवढे" असे म्हणायचे नाही. "बरे झाले सांगितलेस" एवढे म्हणून ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचे. आपण फोनवर दोनदा जे म्हणालात ते आठवा. समोरच्याने दिलेली साक्ष आपण त्याच्यासमोरच फाडून टाकतो, आणि तो पुन्हा देत नाही.

चाचण्यांविषयी आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी त्या सुचवेलच. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये चोवीस चारित्र्यगुणांचे वर्गीकरण मांडले आणि त्यावर आधारित प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती सोडवायला माझी हरकत नाही. शब्द सुचत नसलेल्या माणसाला ती शब्दसंग्रह पुरवते. तिच्यातील क्रमवारी मात्र फार मनावर घेऊ नये, कारण तिथेही उत्तरे देणारे आपणच असतो. बोटांच्या ठशांवरून मुलांचे गुण सांगणाऱ्या ज्या चाचण्या हजारो रुपये घेऊन विकल्या जातात, त्यांना शास्त्रीय आधार नाही, त्यांवर एक रुपयाही घालवू नये. असे अहवाल वाचून माणसे "अगदी बरोबर आहे" का म्हणतात, हे मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४९ मध्येच दाखवून दिले आहे. त्यांनी आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांना 'तुमचे व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर वाटला, जो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आपल्या वहीतली "अकरा जण, तीन गाड्या" ही नोंद कोणाच्याही अहवालात बसणार नाही. तिची किंमत त्यामुळेच आहे.

तसेच आरशासमोर उभे राहून "मी यशस्वी आहे, मी समर्थ आहे" असे घोकण्याचा सल्ला मी देत नाही. कॅनडातील जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ च्या संशोधनात असे आढळले की, अशी वाक्ये म्हटल्याने ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच चांगले होते त्यांना थोडे बरे वाटले, आणि ज्यांचे मत वाईट होते त्यांना उलट अधिक वाईट वाटले. हे समजण्यासारखे आहे. मनाला न पटणारे वाक्य जोरात म्हटले की मन त्याविरुद्धचे पुरावे तितक्याच जोरात मांडू लागते. "२०२० मध्ये मी अकरा अर्ज मंजूर करून घेतले" या वाक्याविरुद्ध मनाला काही मांडता येत नाही.

आता थोडे कटू बोलतो. प्रत्येक कंसात केवळ जमाच आहे असे नाही. बलस्थान अति वापरले की ते अंगावर येते. कनिष्ठांना समजावून देणे, खोलीतल्यांची भांडणे मिटवणे, मेस सांभाळणे या सगळ्यांत आपण रमलात, यामागे आणखीही एक कारण असू शकते : स्वतःच्या उत्तरलेखनाचा सराव करण्यापेक्षा दुसऱ्याला शिकवणे सुखाचे होते, कारण तिथे नापास होण्याची भीती नव्हती. मी हे ठामपणे म्हणत नाही, परंतु आपल्यासारख्या अनेक तरुणांत मी ते पाहिले आहे. वही लिहिताना हेही प्रामाणिकपणे तपासा. कोणालाही नाही म्हणता न येणे, हे औदार्य नव्हे. आज गावातले लोक ॲप भरून घ्यायला येतात तेव्हा आपण त्यांना वेळ ठरवून देता, की जेवणाच्या ताटावरून उठता?

आणि ज्या गोष्टी आपल्याला खरोखरच येत नाहीत, त्या येत नाहीत असे म्हणायलाही हरकत नसावी. इथे मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची शिकवण फार उपयोगी वाटते. त्यांनी १९५५ पासून विकसित केलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. एलिस यांचे म्हणणे असे की, कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. "माझे निबंधलेखन कमकुवत आहे" हे विधान तपासता येते, सुधारता येते. "मी कमकुवत आहे" हे विधान तपासण्याची सोयच नाही, कारण 'मी' या शब्दात ट्रॅक्टर चालवण्यापासून भाच्याला गोष्ट सांगण्यापर्यंत हजार गोष्टी येतात आणि त्यांची सरासरी काढता येत नाही. आपण स्वतःला एकच गुण देऊ पाहत आहात आणि तो कमी येतो म्हणून खंतावता आहात.

एक गोष्ट मला आपल्याला स्पष्ट विचारायची आहे. गेले दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास राहते का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलेला नाही का, झोप किंवा भूक बिघडली आहे का, जगून काय उपयोग असे विचार येतात का? यांचे उत्तर होय असेल, तर हा केवळ आत्मविश्वासाचा प्रश्न नाही, आणि वही लिहीत बसण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे. अशा अवस्थेत वही कोरी राहते आणि त्याचाही दोष माणूस स्वतःलाच देतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. जिव्हाळ्याच्या एका माणसाला तरी हे त्याच दिवशी सांगावे.

मुलाखतीचे उत्तर कसे असावे, तेही लिहून देतो, कारण आपला मूळ प्रसंग तोच होता. "मी मेहनती आहे" याऐवजी असे म्हणून पाहा : "किचकट नियम समजून घेऊन ते लोकांना सोपे करून देणे मला जमते. टाळेबंदीत माझा स्वतःचा प्रवासाचा अर्ज नामंजूर झाला होता. त्याचे कारण शोधून मी पुढे अकरा जणांचे अर्ज मंजूर करून घेतले आणि त्यांच्या प्रवासाचा व पैशांचा हिशेब सांभाळला. सध्या गावात शेतकऱ्यांची ई-पीक पाहणी करून देतो. कर्जाचे कागद समजत नाहीत म्हणून बिचकणाऱ्या ग्राहकाशी बोलायला मला याचा उपयोग होईल." यात एकही शब्द फुगवलेला नाही. मोठ्याने म्हणून पाहा, घड्याळ लावून. अर्ध्या मिनिटाच्या आसपास होते, म्हणजे त्या दिवशी आपण जेवढा वेळ गप्प होतात तेवढेच. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापेल. शिक्षिकाबाईंचाही कापला होता.

या आठवड्यात ज्या बलस्थानाची ओळख पटली आहे ते मुद्दाम एका नव्या ठिकाणी वापरून पाहा. उदाहरणार्थ, ई-पीक पाहणीत लोक नेमके कुठे अडतात त्याचे एक पानभर टिपण करा, जसे नोट्सचे करत होतात, आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. किती जणांनी त्यानंतर आपल्याला न विचारता पाहणी पूर्ण केली, ते मोजा.

वहीतील पहिली नोंद मात्र मार्च २०२० पासूनचीच करा, कंस न घालता. किती अर्ज, किती दिवस, किती भाडे आणि कोण कुठल्या गाडीत, हे सारे लिहा. आकडे आठवले नाहीत तर त्या अकरांपैकी एकाला फोन लावा. त्याच फोनवर "तुला कोणत्या कामासाठी माझी आठवण होते?" हा प्रश्नही विचारून होईल.